डेडिकेटेड सर्व्हर घेताना : मॅनेज्ड की अनमॅनेज्ड?

सरावमाला

नमस्कार मंडळी. आम्ही दोघे मिळून सराव परीक्षांचे एक संकेतस्थळ चालवतो. पीएचपी, मायएसक्यूएल हा डेटाबेस, रेडिस ही मेमरीतली साठवण आणि निकालाचे ईमेल पाठवणारी एक रांग, एवढाच पसारा आहे. आजवर तो एका व्हीपीएसवर (अनेकांत वाटलेल्या यंत्राच्या एका भागावर) निभावला. परंतु परीक्षांच्या हंगामात पुष्कळ विद्यार्थी एकाच वेळी उत्तरपत्रिका जमा करू लागले की डेटाबेस अडखळतो, म्हणून आता डेडिकेटेड, म्हणजे अख्खे यंत्र आपल्या एकट्याचे असलेला, सर्व्हर घ्यायचे ठरवले आहे. यंत्र कोणते घ्यावे याबद्दल आमच्या मनात गोंधळ नाही. तो आहे मॅनेज्ड (देखभाल कंपनीने करायची) घ्यावा की अनमॅनेज्ड (ती आपणच करायची) याबद्दल. सारख्याच यंत्रासाठी मॅनेज्डचे मासिक शुल्क जवळजवळ दुप्पट सांगितले जात आहे, आणि त्या जादा पैशांत नेमके काय पदरात पडते हे विक्री विभागाच्या उत्तरांवरून कळत नाही. 'सगळे आम्ही पाहतो' या वाक्यापलीकडे ते जात नाहीत.

लिनक्सचे आम्हांला वावडे नाही. एनजिनएक्स बसवणे, प्रमाणपत्र लावणे, फायरवॉलचे साधे नियम लिहिणे एवढे जमते. मात्र आमच्यापैकी कोणीही पूर्णवेळ सर्व्हर प्रशासक नाही आणि तसे होण्याची इच्छाही नाही. अनमॅनेज्ड घेतला तर प्रत्यक्षात कसले काम अंगावर येते, मॅनेज्ड घेतला तरी कोणते काम आमच्याकडेच राहते, आणि आज एक घेऊन उद्या दुसऱ्याकडे जाता येते का, या तीन गोष्टींवर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

मध्यममार्गी

मूळ प्रश्नाकडे वळण्याआधी एक विचारून घेतो. अडखळण्याचे कारण व्हीपीएसच आहे याची खात्री केली आहे का? 'टॉप' ही आज्ञा चालवल्यावर वरच्या ओळींत 'एसटी' या अक्षरांशेजारी जो आकडा दिसतो तो पाहावा. तुमच्या वाट्याचा प्रोसेसर किती टक्के वेळ इतरांना देण्यात गेला हे तो आकडा सांगतो. तो शून्याच्या जवळ असूनही डेटाबेस अडखळत असेल, तर एखादी मंद क्वेरी किंवा न लावलेला इंडेक्स हे कारण असण्याची शक्यता जास्त, आणि ते दुखणे नव्या यंत्रावरही तुमच्याबरोबर येईल.

सरावमाला

तपासले आहे. गर्दीच्या वेळी तो आकडा बराच वर जातो आणि डिस्कवर लिहिण्याचा वेगही तेव्हाच पडतो. स्लो क्वेरी लॉगमध्ये सापडलेल्या क्वेऱ्या आधीच दुरुस्त केल्या आहेत. त्यामुळे यंत्र बदलायचे हे नक्की.

पहारेकरी

मी बरीच वर्षे अनमॅनेज्ड सर्व्हर सांभाळतो आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

अनमॅनेज्डमध्ये डेटासेंटरची जबाबदारी साधारणपणे वीज, थंडावा, नेटवर्क आणि बिघडलेला सुटा भाग बदलून देणे इथे संपते. ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली प्रत ते बसवून देतात, सर्व्हर हट्टाला पेटला तर रेस्क्यू मोड किंवा दूरस्थ कन्सोल देतात. त्यावरचे सगळे तुमचे. हे काम दररोज थोडे थोडे येत नाही, आणि लोकांचा अंदाज चुकतो तो इथेच. पहिल्या आठवड्यात ते भरपूर असते : एसएसएचवर (दुरून सर्व्हरवर शिरण्याच्या वाटेवर) पासवर्ड बंद करून फक्त किल्ल्या ठेवणे, फायरवॉल, आपोआप येणारे सुरक्षा अपडेट, लॉग फिरवणे, बॅकअप, देखरेख, सूचना. त्यानंतर काही महिने जवळजवळ काहीच करावे लागत नाही, आणि मग एखाद्या रात्री सगळे एकदम येते.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. दोन डिस्कचा रेड १ असलेल्या सर्व्हरची एक डिस्क निकामी झाली असे समजा. संकेतस्थळ चालूच राहते, कारण दुसऱ्या डिस्कवर तीच माहिती असते, आणि नेमके याच कारणाने ही गोष्ट तुम्ही पाहिल्याशिवाय कळत नाही. सॉफ्टवेअर रेड असेल तर त्याची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये चौकटी कंसात दोन 'यू' दिसायला हवेत. एकाच्या जागी खालची रेघ दिसली की एक डिस्क गेली असे समजावे. ती फाइल पाहून ईमेल पाठवण्याची सोय तुम्ही केलेली असेल तरच निरोप येणार, अन्यथा दुसरी डिस्क जाईपर्यंत सगळे आलबेल वाटते.

निरोप आला असे धरू. आता बिघडलेल्या डिस्कचा अनुक्रमांक काढायचा, ती रेडमधून सोडवायची आणि तो अनुक्रमांक टिकेटमध्ये लिहून तंत्रज्ञाकडून डिस्क बदलून घ्यायची. अनुक्रमांक लिहिताना घाई नको, कारण तंत्रज्ञ तुम्ही सांगाल तीच डिस्क काढणार, आणि ती चांगली निघाली तर पुढचे संकट तुमचे. नवी डिस्क बसल्यावर शाबूत राहिलेल्या डिस्कची विभागणी तिच्यावर उतरवायची, ती रेडमध्ये जोडायची आणि माहिती उतरून होईपर्यंत काही तास मंदावलेला सर्व्हर सहन करायचा. इथे बहुतेक जण थांबतात. परंतु बूटलोडरही (यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) नव्या डिस्कवर बसवावा लागतो, आणि तो राहिला तर पुढे कधीतरी ती शाबूत राहिलेली डिस्क गेल्यावर सगळी माहिती शाबूत असूनही यंत्र सुरूच होत नाही. या सगळ्यांत डेटासेंटरचा हात डिस्क बदलण्यापुरताच लागतो.

यातली एकही पायरी अवघड नाही. सगळे लिहून ठेवलेले सापडते. प्रश्न एवढाच की तो निरोप येईल तेव्हा तुम्हां दोघांपैकी एक जण जागा, शुद्धीवर आणि संगणकाजवळ असेल का, आणि हंगामाच्या ऐन दिवसांत दोघेही उत्तरपत्रिकांच्या तक्रारी निस्तरत असताना हे काम कोण करेल.

कळफलक

पहारेकरी यांचे म्हणणे खरे असले तरी चित्र जरा जास्तच काळे रंगवले आहे असे वाटते. डिस्क रोज जात नाही. उलट मॅनेज्ड घेतलेल्या ठिकाणी मी असे पाहिले आहे की पीएचपीचे एक साधे एक्स्टेंशन बसवायला टिकेट टाकावे लागते, ते पहिल्या पायरीवरच्या माणसाकडे जाते, तो ठरावीक उत्तर पाठवतो, मग ते वर जाते आणि पाच मिनिटांच्या कामाला दुसरा दिवस उजाडतो. शिवाय स्वतःचा सर्व्हर स्वतः न सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमरला आपला कोड यंत्रावर काय भार टाकतो हे कळतच नाही. शिकायचे असेल तर अनमॅनेज्ड घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहारेकरी

शिकायला हरकत नाही, परंतु विद्यार्थ्यांची परीक्षा चालू असलेल्या सर्व्हरवर ते शिकणे नको.

तळटीप

मी एका मॅनेज्ड सेवेच्या साहाय्य विभागात काम करत होते, त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहिते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की मॅनेज्ड सेवेत काय असावे याचे कोणतेही प्रमाण ठरलेले नाही. एका कंपनीत ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट आणि यंत्राची देखरेख एवढ्यालाच मॅनेज्ड म्हणतात, दुसरीत वेब सर्व्हर आणि डेटाबेस यांची जुळवणीही येते, तिसरीत बॅकअप घेणे येते परंतु तो परत उतरवून देण्याचे पैसे वेगळे पडतात. म्हणून शुल्काची तुलना करण्याआधी कामाची यादी लेखी मागवावी, आणि त्या यादीत जे लिहिलेले नाही ते तुमचे आहे असे समजून चालावे.

हद्द बहुतेक ठिकाणी कुठे पडते ते सांगते. तुमची पाने मंदावली आणि तुम्ही टिकेट टाकले, की आमच्यासारखा माणूस सर्व्हरवर शिरून प्रोसेसर, मेमरी, डिस्क पाहतो. मेमरी संपून कर्नेलने मायएसक्यूएल मारून टाकलेले दिसले तर ते काम आमचे : ते पुन्हा चालू करायचे, पीएचपीच्या एकाच वेळी किती प्रक्रिया चालाव्यात ती मर्यादा मेमरीच्या हिशोबाने बसवायची, इनोडीबीचा बफर पूल (डेटाबेस आपली माहिती मेमरीत धरतो ती जागा) पाहायचा. हा बफर पूल मूळ मांडणीत अवघा १२८ एमबी असतो आणि भरपूर मेमरीच्या नव्या कोऱ्या सर्व्हरवरही तो तसाच राहिलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. परंतु सर्व्हर निरोगी असून तुमचीच एखादी क्वेरी लाखो ओळी चाळत असेल, तर आम्ही ती क्वेरी चिकटवून 'आपल्या प्रोग्रॅमरला दाखवावे' असे लिहून टिकेट बंद करत असू. ग्राहकाला वाटे की आम्ही हात वर केले. आमच्या दृष्टीने काम पूर्ण झालेले असे, कारण करार तिथेच संपत होता.

दुसरी गोष्ट वेळेच्या हमीची. 'पंधरा मिनिटांत प्रतिसाद' याचा अर्थ पंधरा मिनिटांत कोणीतरी उत्तर लिहील एवढाच असतो. दुरुस्ती किती वेळात होईल याची हमी फार थोडे जण देतात. ९९.९ टक्के उपलब्धतेच्या हमीचेही तसेच. तीस दिवसांच्या महिन्यात तिच्यात सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा आहेच, आणि त्याहून जास्त वेळ गेला तर मिळते ती शुल्कातली थोडी सूट. शिवाय ती हमी बहुतेक वेळा वीज आणि नेटवर्क यांची असते. तुमचे पान उघडते की नाही याची नव्हे.

सरावमाला

तळटीप यांच्या प्रतिसादामुळे बरेच स्पष्ट झाले. एक उपप्रश्न आहे : मॅनेज्डमध्ये सर्वाधिकार, म्हणजे रूट अॅक्सेस आपल्याकडे राहतो का? एका ठिकाणी देणार नाही म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी देऊ म्हणाले, परंतु 'मग जबाबदारी तुमची' असेही सांगितले.

तळटीप

दोन्ही पद्धती आहेत. रूट न देणाऱ्यांचे म्हणणे असे असते की ज्या यंत्राला आम्ही जबाबदार त्यात दुसऱ्याने ढवळाढवळ करू नये, आणि तो आग्रह अगदीच अवाजवी नाही. परंतु तुमच्याकडे रांग चालवणाऱ्या प्रक्रिया आहेत, रेडिस आहे, त्या सेवा अधूनमधून पुन्हा चालू कराव्या लागणार. तेव्हा किमान तेवढ्या आज्ञांपुरता सुडोचा (ठरावीक आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवण्याचा) अधिकार मागून घ्यावा. रूट देऊन जबाबदारी झटकणाऱ्यांना एक सरळ प्रश्न विचारावा : आम्ही रूटने केलेल्या बदलामुळेच बिघाड झाला हे कसे ठरवणार? बदलांची नोंद ठेवली जात असेल तर उत्तर नीट मिळेल. ते मिळाले नाही, तर प्रत्येक बिघाड तुमच्या माथी मारला जाईल असे धरून चाला.

कळफलक

याच कारणाने मी म्हणतो की दोन मालक असलेल्या यंत्रापेक्षा एक मालक असलेले बरे.

पहारेकरी

कळफलक यांच्या या वाक्याशी मी सहमत आहे, फक्त तो एक मालक रात्रपाळीलाही हजर हवा.

सुरक्षा अपडेटचा विषय अजून निघालेला नाही, म्हणून त्यावर लिहितो, कारण हद्दीचा प्रश्न तिथे सर्वांत ठळकपणे समोर येतो. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली हार्टब्लीड ही त्रुटी जाहीर झाली तेव्हा नवे पॅकेज बसवणे ही फक्त सुरुवात होती. जुनी लायब्ररी मेमरीत धरून बसलेल्या सेवा पुन्हा चालू केल्याशिवाय अपडेटचा उपयोग नव्हता, आणि खाजगी किल्ली आधीच बाहेर गेलेली असू शकते म्हणून नवी किल्ली तयार करून प्रमाणपत्र पुन्हा घेणे आणि जुने रद्द करणे आवश्यक होते. पॅकेज बसवणे मॅनेज्ड सेवेच्या कक्षेत येते हे उघड आहे. प्रमाणपत्र तुम्ही बाहेरून विकत घेतलेले असेल तर पुढचे काम कोणाचे?

डिसेंबर २०२१ मधली लॉगफोरशेल ही त्याहून अडचणीची होती. ती लॉगफोरजे या जावा लायब्ररीत होती आणि ती लायब्ररी बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या पॅकेजांत नसून प्रत्येक अॅप्लिकेशनच्या पोटात असते. सर्व्हरचे सगळे अपडेट वेळेवर झालेले असतानाही ती तिथेच राहणार होती. तुमचे संकेतस्थळ जावात नाही हे मला ठाऊक आहे, परंतु कंपोजर या साधनाने आणलेल्या पीएचपी लायब्रऱ्यांची गत हीच. त्या कोणतीही मॅनेज्ड सेवा आपण होऊन पाहत नाही, आणि पाहीलच असे गृहीत धरणे घातक आहे.

उलट १ जुलै २०२४ रोजी जाहीर झालेली ओपनएसएसएचमधली त्रुटी ही निव्वळ सर्व्हरच्या पातळीवरची. अशा वेळी चांगली मॅनेज्ड सेवा आपल्या सगळ्या यंत्रांवर एकाच दिवसात पॅच चढवून मोकळी होते, तर अनमॅनेज्ड ग्राहकांतल्या अनेकांना बातमी कळायलाच आठवडा लागतो. जादा शुल्काचा खरा मोबदला मला इथे दिसतो.

आता सिस्टिमचे आयुष्य. सेंटओएस ७ या लिनक्स सिस्टिमचा पाठिंबा ३० जून २०२४ रोजी, म्हणजे त्या त्रुटीच्या आदल्याच दिवशी संपला. तिच्यातली ओपनएसएसएचची आवृत्ती जुनी असल्यामुळे या विशिष्ट त्रुटीतून ती योगायोगाने सुटली. सेंटओएस ८ ची गोष्ट आणखी वाईट : २०२९ पर्यंत चालेल या भरवशावर लोकांनी ती घेतली आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की ती २०२१ अखेरच बंद होणार. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाणे म्हणजे बहुतेक वेळा नवा सर्व्हर उभारून सगळे तिकडे हलवणे असते. मॅनेज्ड करारात हे स्थलांतर धरलेले आहे की त्याचे वेगळे बिल येते, हे आजच विचारून ठेवावे.

मध्यममार्गी

तिसरा मार्ग कोणी मांडला नाही. यंत्र अनमॅनेज्ड घ्यावे आणि देखभालीसाठी एखादा स्वतंत्र प्रशासक किंवा छोटी सेवा मासिक कराराने लावावी. यात डेटासेंटर आवडले नाही तर माणूस तोच ठेवून यंत्र बदलता येते, आणि माणूस जमला नाही तर यंत्र तेच ठेवून माणूस. मी स्वतः हीच पद्धत वापरतो.

परंतु काही अटी पाळल्या नाहीत तर ही सोय अंगाशी येते. डेटासेंटरचे खाते तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर असले पाहिजे, प्रशासकाला त्यात फक्त तांत्रिक अधिकार द्यावेत. सर्व्हरची मांडणी त्याच्या डोक्यात न राहता अँसिबलसारख्या साधनात लिहिलेली आणि तुमच्या रिपॉझिटरीत ठेवलेली असावी, म्हणजे त्याच लिखाणावरून दुसरा माणूस दुसरे यंत्र उभे करू शकेल. तो एकटाच असेल तर रजेच्या काळात कोण, हे ठरलेले असावे. एकटा माणूस चोवीस तास उपलब्ध असतो असे कोणी सांगितले तर ते सौजन्याने ऐकून घ्यावे आणि विश्वास मात्र ठेवू नये.

सरावमाला

बॅकअपचे काय? मॅनेज्डवाले रोजचा बॅकअप देऊ म्हणतात. तेवढ्यावर विसंबावे का?

पहारेकरी

नाही. इथे दोन्ही प्रकारांत काडीचा फरक नाही. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएचच्या आवाराला आग लागून एक अख्खे डेटासेंटर जळाले, तेव्हा ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते अशा काही ग्राहकांचे दोन्ही गेले. म्हणून निदान एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या गावी आणि दुसऱ्या खात्यात असावी. शिवाय सर्व्हरवरच्या किल्लीने बॅकअप लिहिता यावा परंतु पुसता येऊ नये, नाहीतर सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस आधी तोच पुसतो.

आणि बॅकअप होतो आहे की नाही हे नुसत्या शांततेवरून ठरवू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबमध्ये चालत्या डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. त्यानंतर नेहमीचा बॅकअप उघडायला गेल्यावर कळले की तो होतच नव्हता : बॅकअपचे साधन जुन्या आवृत्तीचे, डेटाबेस नव्या आवृत्तीचा, आणि अपयश कळवणारे ईमेल डीमार्कच्या (पाठवणाऱ्याची ओळख पडताळणाऱ्या) तपासणीत नाकारले जात होते. सुदैवाने एका अभियंत्याने सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी स्नॅपशॉट घेतला होता, त्यावरून सगळे परत उभे राहिले. त्यांनी हे सगळे स्वतःहून जाहीर लिहिले, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. तुम्ही महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून त्यावर संकेतस्थळ उघडून पाहा; हे काम कोणतीही सेवा तुमच्या वतीने मनापासून करणार नाही, कारण आतली माहिती बरोबर आहे की नाही हे तिला ओळखताच येत नाही.

तळटीप

+१. ईमेलचा उल्लेख निघालाच आहे तर एक पुरवणी जोडते. नव्या सर्व्हरचा आयपी पत्ता कोरा नसतो, तो आधी कोणीतरी वापरलेला असतो आणि त्याची कुप्रसिद्धी तुमच्या वाट्याला येऊ शकते. सर्व्हर ताब्यात आल्याबरोबर तो काळ्या यादीत आहे का ते तपासावे आणि असल्यास लगेच बदलून मागावा. त्या पत्त्याची उलटी नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) डेटासेंटरच्या बाजूने होते, ती काहींच्या पॅनेलमधून करता येते, काहींना सांगावी लागते. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या ईमेलची ओळख पटवणाऱ्या नोंदी मात्र तुमच्या डोमेनवर तुम्हीच लावायचे.

कळफलक

कंट्रोल पॅनेलबद्दलही विचारून घ्या. अनेक मॅनेज्ड योजना सीपॅनेल गृहीत धरतात, आणि त्याच्या परवान्याचे शुल्क २०१९ पासून खात्यांच्या संख्येवर आहे. एकाच संकेतस्थळासाठी त्याची मुळीच गरज नाही. उलट पुढे सेवा सोडायची झाली की पॅनेलने आपल्या पद्धतीने लिहिलेली सगळी मांडणी सोडवत बसावे लागते. धागाकर्त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे.

तळटीप

कळफलक यांचा हा मुद्दा रास्त आहे. उरलेले निम्मे उत्तर असे की अनमॅनेज्डवरून मॅनेज्डवर जाताना बहुतेक कंपन्या चालू यंत्र जसेच्या तसे ताब्यात घेत नाहीत, कारण तुम्ही त्यावर काय काय केले आहे हे त्यांना माहीत नसते; त्या नवे यंत्र देतात आणि त्यावर हलवायला सांगतात. मॅनेज्डवरून अनमॅनेज्डवर यायचे तर त्यांची देखरेखीची साधने, अंतर्गत पॅकेज रिपॉझिटरी आणि त्यांच्या किल्ल्या काढून घ्याव्या लागतात, त्यापेक्षा नवे यंत्र सोपे. थोडक्यात, जाता येते, परंतु दोन्हीकडून ते स्थलांतरच असते.

सरावमाला

सर्वांचे मनापासून आभार. दोन कंपन्यांकडून कामाची लेखी यादी मागवली. एकीने ब्रोशर पुन्हा पाठवले. दुसरीने मात्र पॅकेजांचे अपडेट, डेटाबेसची जुळवणी, रेडची देखरेख, मोठ्या आवृत्तीवर जाताना एक स्थलांतर आणि ठरावीक सेवांपुरता सुडो हे सगळे स्पष्ट लिहून दिले, आणि अॅप्लिकेशनच्या आतले काहीही आमच्याकडे नाही हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. त्यामुळे मुख्य सर्व्हर त्यांच्याकडून मॅनेज्ड घेत आहोत.

त्याचबरोबर एका वेगळ्याच कंपनीच्या डेटासेंटरमध्ये एक लहान अनमॅनेज्ड यंत्र घेऊन त्यावर डेटाबेसची रेप्लिका (मुख्य डेटाबेसबरोबर बदलत राहणारी प्रत) ठेवायची, बॅकअप उतरवून पाहण्याची तालीमही तिथेच करायची, असा विचार आहे. कळफलक म्हणतात ते शिकणे त्या यंत्रावर होईल आणि ते कोसळले तरी परीक्षा चालू राहतील. यात काही राहून जाते आहे का?

कळफलक

हे मला पटले. त्या यंत्रावर मुद्दाम डिस्क भरून पाहा. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) आपोआप चालू असतो आणि मूळ मांडणीत तो ३० दिवस साठत राहतो, त्यामुळे हंगामात डिस्क भरण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. त्या फाइली हाताने पुसू नयेत, डेटाबेसच्याच आज्ञेने काढाव्यात. इतर लॉगच्या बाबतीत, फाइल पुसली तरी ती उघडून बसलेली प्रक्रिया सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही, हेही तिथेच अनुभवून घ्या.

पहारेकरी

योजना चांगली आहे. दोन सूचना करतो. रेप्लिकेला बॅकअप समजू नये, कारण मुख्य सर्व्हरवर चुकून पुसलेली ओळ क्षणात तिथेही पुसली जाते; हवे तर ती काही तास मागे चालेल अशी ठेवा, मायएसक्यूएलमध्ये तशी सोय आहे. रेप्लिकेवरची मायएसक्यूएलची आवृत्ती मुख्य सर्व्हरइतकीच किंवा त्याहून नवी असावी, जुनी नको. दोन्ही यंत्रांमधली वाहतूक वायरगार्डच्या कूटबद्ध बोगद्यातून न्यावी आणि डेटाबेसचे पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवू नये. मुख्य सर्व्हरचा फायरवॉल आता तुमच्या सेवादाराच्या हाती असल्यामुळे हे टिकेट आधीच टाकून ठेवा.

मध्यममार्गी

स्थलांतराच्या दिवसासाठी एवढेच : डीएनएसच्या नोंदीचा टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ जपून ठेवावी तो काळ) आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणा, आणि हलवून झाल्यावरही जुना व्हीपीएस काही दिवस चालू ठेवा, कारण कोणाचा ना कोणाचा रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) जुना पत्ता धरून बसतोच. जुन्या यंत्रावरचा डेटाबेस मात्र फक्त वाचण्यापुरता करून ठेवा, म्हणजे उशिरा आलेली उत्तरपत्रिका चुकीच्या जागी जमा होणार नाही. आणि तिथले क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे) व निकालाची रांग बंद करायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक विद्यार्थ्याला एकच ईमेल दोनदा जाईल.

सरावमाला

क्रॉनचा विचार खरोखरच झाला नव्हता. यादीत घेतला.